तासाच्या भाड्याने

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. त्याच सुमारास आमच्या पिढीचे वाहनही बदलले. तोवर आम्ही तासाच्या भाड्याने सायकल घेत असू. पुढे संगणकही तसाच मिळू लागला. पडद्यावर 'रोड रॅश' असे. १९९१ साली सेगाच्या यंत्रासाठी निघालेला हा मोटारसायकल-शर्यतीचा खेळ १९९६ मध्ये विंडोजवर आला. त्यात शेजारच्या स्वाराला लाथ मारून पाडता येई. (भाड्याच्या सायकलीवर हे धाडस आम्हांस परवडणारे नव्हते.)

जिल्हानिर्मितीची नोंद शासनदरबारी आहे. सायकलवाल्याच्या वहीत आमची नावे होती, ती रद्दीत गेली. संगणकवाला मात्र यंत्राचा क्रमांक आणि वेळ एवढेच लिही; त्या वहीत आम्ही कधी नव्हतोच.