'स्वयम्': इंधनावाचून दिशा

२२ जून २०१६ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ हे प्रक्षेपक २० उपग्रह घेऊन झेपावले. त्यांतील एक म्हणजे जेमतेम १ किलो वजनाचा, १० सेंटिमीटर बाजूचा घन: पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील, अर्थात सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी घडवलेला 'स्वयम्'. हौशी रेडिओच्या लहरींवर एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे हे त्याचे नियोजित कार्य.

अँटेना भलतीकडे वळली तर संदेश क्षीण होतो. आणि एवढ्याशा घनात दिशा राखणाऱ्या चाकांसाठी वजन व वीज आणायची कोठून? विद्यार्थ्यांनी आत कायमचुंबक बसवला. होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो उपग्रहाला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतो. सुई मात्र डोलत राहते. ते डोलणे मऊ चुंबकीय धातूच्या सळ्या शमवतात: क्षेत्र बदलताना त्यांचे चुंबकत्व मागे रेंगाळते आणि डोलण्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. वीज लागत नाही. पण हवी ती दिशाही निवडता येत नाही. हा सौदा त्या मुलांनी समजून-उमजून केला होता.

प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. पदवी ४ वर्षांची, उपग्रह ८ वर्षांचा. ज्यांनी आरंभ केला ते उड्डाणाआधीच महाविद्यालयाबाहेर पडले होते. पुढच्या तुकड्यांनी सौर शिडाचा उपग्रह हाती घेतला. प्रकाशाच्या दाबाने कक्षा बदलायची. इंधन तेथेही नाहीच.