रोममध्ये कोलोसियम ढासळलं, पण पँथिऑन टिकलं; असं का?

रोमच्या सहलीचं कुठलंही रील उघडा, तीन जागा हमखास दिसतात: कोलोसियम, पँथिऑन आणि ट्रेव्ही कारंजं. यातल्या पहिल्या दोघांच्या वयात फारसा फरक नाही. कोलोसियम इ.स. ८० मध्ये खुलं झालं आणि पँथिऑन त्यानंतर पन्नास वर्षांच्या आत उभं राहिलं. तरीही आज कोलोसियमच्या बाहेरच्या भिंतीचा मोठा भाग गायब आहे आणि पँथिऑनचा घुमट मात्र शाबूत आहे. असं का झालं, हे समजून घेतलं तर रोम बघण्याची मजा वाढते.

कोलोसियम: शहराने वापरलेली दगडांची खाण

सम्राट व्हेस्पेशियनने हे काम सुरू केलं आणि त्याचा मुलगा टायटसने उद्घाटन केलं. ८० कमानींतून सुमारे ५० हजार प्रेक्षक आत-बाहेर करू शकत. प्रवेशाच्या कमानींवर कोरलेले क्रमांक काही ठिकाणी आजही वाचता येतात.

सहाव्या शतकात इथले खेळ थांबले आणि इमारतीला वाली उरला नाही. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली, कारण त्या बाजूची जमीन भुसभुशीत होती. पडलेले दगड उचलायची गरज भासली ती नव्या बांधकामांसाठी. रोममधल्या अनेक राजवाड्यांत आणि चर्चमध्ये ते लागले. भिंतींवर आज जी भोकं दिसतात, ती दगड जोडणारे लोखंडी आकडे काढून नेल्याच्या खुणा आहेत. अठराव्या शतकात पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ही जागा पवित्र असल्याचं जाहीर केलं आणि दगड नेणं थांबलं.

पँथिऑन: देऊळ होतं, चर्च झालं

सम्राट हेड्रियनच्या काळातलं हे मंदिर सातव्या शतकाच्या सुरुवातीला चर्च झालं. त्यामुळे पूजा-प्रार्थना सुरू राहिली, डागडुजी होत राहिली आणि सगळी इमारत पाडून दगड न्यायची कुणाची हिंमत झाली नाही. चित्रकार राफाएलची कबरही इथेच आहे.

बांधकामही तितकंच भक्कम होतं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच. लोखंडी सळ्या न वापरता बांधलेला हा काँक्रीटचा जगातला सर्वांत मोठा घुमट आहे. वर जावं तसं काँक्रीट पातळ होत जातं आणि त्यात हलके ज्वालामुखीचे दगड वापरले आहेत. माथ्यावर सुमारे नऊ मीटरचं उघडं भोक आहे. पाऊस थेट आत पडतो आणि फरशीच्या उतारामुळे, तिच्यातल्या छिद्रांमधून पाणी निघून जातं.

ट्रेव्ही: कारंजं नवं, पाणी जुनं

१७६२ मध्ये पूर्ण झालेलं हे कारंजं या दोघांपुढे लहानच म्हणायचं. मात्र त्याला पाणी पुरवणारा मार्ग मूळचा इ.स.पूर्व १९ मधला आहे. मध्यंतरी त्याची दुरुस्ती झाली म्हणूनच तो आजही चालू आहे. पाण्यात टाकलेली नाणी नियमितपणे गोळा केली जातात आणि कॅरिटास या संस्थेमार्फत गरजूंसाठी वापरली जातात.

आता धोका गर्दीचा

एकेकाळी वापर थांबला म्हणून वास्तू पडल्या, आता वापर फार वाढला आहे. २०२३ मध्ये एका पर्यटकाने कोलोसियमच्या भिंतीवर नाव कोरलं आणि त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. म्हणूनच नियम कडक होत गेले:

- कोलोसियमचं तिकीट नाव आणि वेळ टाकून मिळतं. ओळखपत्र जवळ ठेवा. त्याच तिकिटात शेजारचा रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही पाहता येते.
- पँथिऑनला जुलै २०२३ पासून ५ युरोंचं तिकीट सुरू झालं. हे आजही चर्च आहे, त्यामुळे खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला.
- ट्रेव्हीच्या काठाशी एका वेळी ४०० जणांनाच सोडण्याची पद्धत डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. पाण्यात उतरल्यास दंड होतो.
- स्पॅनिश स्टेप्सच्या १३५ पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे. दंड ४०० युरोंपर्यंत जाऊ शकतो.

खिशाला परवडेल असं

सरकारी स्मारकांत १८ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण कोलोसियमसाठी त्यांचंही आरक्षण करावं लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं मोफत असतात, अर्थात त्या दिवशी रांगाही लांब असतात. रस्तोरस्ती दिसणाऱ्या लोखंडी नळांचं पाणी पिण्यायोग्य आहे, त्यामुळे बाटली सोबत ठेवली की पाण्याचा खर्च वाचतो.

दर आणि नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी स्मारकाचं अधिकृत संकेतस्थळ पाहून घ्या. आणि पँथिऑनमध्ये शिरलात की आधी वर पाहा. तो उजेड, तो पाऊस जवळपास १९०० वर्षांपासून त्याच भोकातून आत येतोय.