मुकादम, चौगुले, गबाई

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील समुएल इझिकेल दिवेकर (सामाजी हसाजी) यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात आपल्या समाजाची पहिली मशीद, ‘शाआर हारहामीम’, बांधली. पुढच्याच वर्षी सेफर तोरा आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तेथेच वारले. मशीद मात्र चालू राहिली. १८६० साली नव्या जागी उभारली गेली. आपल्याकडे कारभार एकट्यावर नसे. मुकादम पुढारी, चौगुले सल्लागार, गबाई खजिनदार, हझान प्रार्थना चालविणारे, शमाश देखभाल करणारे.

येथे अमेरिकेत आपण थोडे. एकेकजण तीन-तीन कामे ओढतो. इस्पितळात नर्स पुढच्या पाळीला सर्व समजावून मगच घरी जाते. तसा प्रत्येक कामाला आतापासूनच एक तरुण जोडीदार द्यावा.