दादरचें बिऱ्हाड

घर पाहावें बांधून, असें आपल्या वाडवडिलांनीं म्हणून ठेवलें आहे. घर पाहावें विकत घेऊन, असें कोणीं म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ज्या समाजांत ही म्हण रूढ झाली, त्यांत घर ही बाजारांत जाऊन घेण्याची वस्तु नव्हतीच. तें बांधावयाचें, नाहीं तर वारशानें मिळावयाचें. पोटासाठीं मुंबईस आलेला मनुष्य तेथें घर करीत नसे, बिऱ्हाड करी. घर गांवीं असे. "आपण मूळचे कोठले?" या प्रश्नास दादर हें उत्तर देणारा गृहस्थ आमच्या आजोबांच्या पिढींत शोधूनच काढावा लागला असता. घर व बिऱ्हाड यांतील हा भेद लक्षांत घेतल्यावांचून दादरच्या गेल्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासाचा उलगडा होत नाहीं. ज्या मध्यम वर्गानें दादरला शाळा, वाचनालयें आणि नाटकें दिलीं, त्याच्याच नातवंडांस आज तेथें दोन खोल्या घेणें दुर्घट व्हावें, याचें कारण केवळ भावाच्या चढउतारांत सांपडणार नाहीं.

दादरच्या नव्या वस्तीचा उगम एका सांथींत आहे. इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग शिरला; मांडवीच्या कोंदट वस्तींत तो प्रथम आढळला. दोन वर्षांनीं, १८९८ मध्यें, सरकारनें कायद्यानें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट मोहल्ले फोडून त्यांतून रस्ते काढणें हें त्याचें एक काम, आणि शहराच्या उत्तरेस मोकळ्या जमिनी घेऊन नवी वस्ती उठविणें हें दुसरें. दादर-माटुंग्याच्या बाजूस तेव्हां भातशेती, वाड्या आणि पाणथळ जमीन होती. ट्रस्टनें ती संपादून आधीं रस्ते आंखले, गटारें घातलीं, मग तुकडे पाडून ते लांब मुदतीच्या पट्ट्यानें दिले. आधीं वस्ती आणि मग रस्ता ही मुंबईची रीत येथें उलटी झाली. काम सावकाश चाललें. इमारती भराभर उठूं लागल्या त्या पहिल्या महायुद्धानंतरच. १९२८ सालीं कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली, आणि फोर्टांतील कचेरींत वेळेवर हजर होणाऱ्या कारकुनास दादरला राहणें सोयीचें झालें. लोक दादरला उपनगर म्हणत; पण १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यांत आला, तो माहीम-शीवेच्या पलीकडचा. दादर तेव्हांही शहरांतच होतें. फक्त शहरास तें ठाऊक नव्हतें.

या वस्तीनें मराठी कुटुंबास एक नवी वस्तु दिली. तिला दादरकर ब्लॉक म्हणत. दोन-तीन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मोरी व शौचकूप घराच्या दाराआंत. ही शेवटची सोय आज कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीं. परंतु चाळींत ती मजल्याच्या टोकास असे, गांवीं परसांत विहिरीच्याही पलीकडे. तीच स्वयंपाकघरापासून सहा पावलांवर आली, तेव्हां आमच्या आजीनें महिनाभर मध्यें पडदा सोडूनच स्वयंपाक केला, असें घरांत सांगत. पुढें पडदा गेला, आणि सोंवळ्यांतला बराच भागही त्याबरोबर गेला. दार लावून घेतां येणें हें मध्यम वर्गाचें खरें स्थलांतर होय. गिरगांव ते दादर हें अंतर त्या मानानें थोडें.

मात्र दार आपलें असलें तरी भिंत मालकाची होती. ज्यांस भिंतही आपली हवी होती त्यांतील कांहींनीं सहकाराची वाट धरली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. तींत सभासद हाच भाडेकरू आणि सर्वांनीं मिळून मालक, अशी योजना होती. दादरला मंचेरजी जोशी या पारशी इंजिनिअरानें ट्रस्टचें मन वळवून आपल्या समाजांतील साधारण स्थितीच्या कुटुंबांसाठीं जागा राखून घेतल्या. तीच पारशी कॉलनी. ज्ञातीचा विश्वास हें या उद्योगांचें भांडवल होतें. आणि ज्ञातीबाहेरच्यास दार बंद, हा त्यांचा दोषही त्याच भांडवलाचा. हें दार बंद असणें म्हणजे काय, हें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतकें कोणीं अनुभवलें असेल? १९१७ सालीं बडोद्यास उच्चविद्याविभूषित होऊन गेलेल्या या पुरुषास राहावयास जागा मिळूं शकली नाहीं. परळच्या ट्रस्टच्या चाळींत दोन खोल्यांत त्यांनीं कित्येक वर्षें काढलीं, आणि १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत दादरच्या हिंदु कॉलनींत, आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार पुढें ठेवून, 'राजगृह' बांधलें. इतरांस मालकी ही हौस असेल. येथें ती कोणाच्या मर्जीवर न राहण्याची तजवीज होती.

आमच्या आजोबांस अशी निकड कधीं भासली नाहीं. त्यांनीं तीस रुपये भाड्यानें ब्लॉक घेतला तेव्हां दादरभर 'जागा भाड्यानें देणें आहे' अशा पाट्या लटकत, आणि मालक आठ दिवसांनीं येऊन भिंतींचा रंग पसंत आहे ना, म्हणून विचारून जाई. एका सहकारी संस्थेचे सभासद होण्याविषयीं त्यांस दोनदां विचारणा झाली. "पेन्शन झाली कीं गांवीं जावयाचें; येथें भिंती कशाला?" हें दोन्ही वेळचें उत्तर. ते गांवीं गेले नाहींत. गणपतीस जात, चार दिवसांनीं परत येत, आणि कोंकणांतील घराचे वासे दरवर्षीं थोडे अधिक खालीं आलेले सांगत.

दुसऱ्या महायुद्धांत पाट्या उतरल्या, माणसें वाढलीं, आणि सरकारनें भाड्यास लगाम घातला. तसा प्रयत्न १९१८ सालींही झाला होता. पण १९४७ चा कायदा टिकला. १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें हें प्रमाण ठरलें, आणि महागाई किती का चढेना, तें तेथेंच खिळलें. भाडेकरूस घराबाहेर काढणें कठीण झालें, हें न्यायाचेंच झालें असें आम्ही अजूनही मानतों. परंतु तीस रुपयांत मालक गच्ची काय दुरुस्त करणार? त्यानें इमारतीकडे पाठ फिरविली. जागा सोडणारा व घेणारा यांच्यांत पागडीचा व्यवहार चालूं लागला. डोक्यावरच्या प्रतिष्ठेचें नांव हातोहात दिलेल्या पैशास मिळालें. १९४७ च्या कायद्यानें तो गुन्हा ठरविला, आणि १९९९ च्या कायद्यानें त्यास मान्यता दिली. मधल्या बावन्न वर्षांत अर्धें दादर या गुन्ह्यावर बदललें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. इमारती कोसळूं लागल्या, तेव्हां १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. तत्पूर्वी, १९६३ मध्यें, मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा होऊन घर विकत घेणें ही रीत सर्वत्र रुळत चालली होती. आमच्या वडिलांस ती पटली नाहीं. तीस रुपयांचें घर हाताशीं असतां कर्ज काढून बोरिवलीच्या रानांत जाणारा त्यांस वेडा वाटे.

वडील गेल्यावर आम्ही तीन भाऊ आणि एक ब्लॉक अशी स्थिति झाली. भिंती मालकाच्या असल्यानें त्यांची वाटणी होईना. अखेर हक्क सोडून पैसे घेतले, आणि एक भाऊ डोंबिवलीस, एक ठाण्यास व आम्ही मुलुंडास गेलों. प्रत्येकानें आयुष्यांत प्रथमच घर विकत घेतलें. म्हणजे जमिनीपासून कांहीं मजले वर चार भिंतींमधील पोकळी घेतली. तोंपर्यंत १९८२ च्या संपानंतर मोडत गेलेल्या गिरण्यांच्या जागीं परळभर कचेऱ्या उठूं लागल्या होत्या, आणि शहराचा मध्य फोर्टांतून सरकत दादरच्या दारीं आला होता. आजोबांनीं निवडलेली कांठावरची जागा मध्यावर आली, तेव्हां आम्ही कांठावर गेलों होतों.

गेल्या वर्षीं कन्येच्या आग्रहानें आम्ही दादरला एक सदनिका पाहून आलों. जुन्या ब्लॉकांच्या दोन इमारती पाडून तेथें उंच मनोरा झाला आहे. भाव ऐकून आम्ही गप्प राहिलों. कन्या मात्र खिडकीशीं उभी राहून शिवाजी पार्कचीं झाडें कोणत्या बाजूस येतात हें पाहत होती. दलाल मोठा अदबशीर तरुण होता. त्यानें सहज विचारलें, "सर, आपण मूळचे कोठले?" आम्ही दादर म्हणून सांगितलें. त्यानें मान हालविली, नकाशा उलगडला, आणि येथून स्टेशन कोणत्या बाजूस आहे, भाजी कोठें चांगली मिळते, हें तो आम्हांस समजावून सांगूं लागला.