मोटारीचा चुकलेला ठोका

भर रस्त्यांत मोटारीच्या मागील नळींतून बंदुकीसारखा बार निघावा, वाटसरूंनीं दचकावें आणि चालकानें खालीं उतरून एंजिनाचें झांकण उघडावें, हा देखावा मोटारींच्या पहिल्या पिढीस चांगलाच परिचयाचा होता. असा बार म्हणजे एंजिनाची तक्रारच होय. ती ऐकून दोष नेमका कोठें आहे हें यंत्रविद्या न शिकलेल्या माणसालाही हुडकतां यावें, अशी सोय ज्या गाडींत होती ती अमेरिकेंतील हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी'. ती १९०८ च्या ऑक्टोबरांत बाजारांत आली व १९२७ पर्यंत तशा सुमारें दीड कोट गाड्या बाहेर पडल्या. घेणारांत शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. कारागिराचें दुकान त्यांच्यापासून कोसचे कोस दूर.

या गाडीच्या एंजिनांत चार सिलिंडर असत. त्यांतील एखाद्यांत ठिणगी पडली नाहीं, तर पेट्रोल व हवा यांचें मिश्रण न जळतांच तापलेल्या नळींत जातें आणि तेथें पेट घेतें. हाच तो मागचा बार. कार्ब्युरेटरांतून पुढच्या बाजूस फटकारा निघाला, तर कारण बहुधा निराळें असतें. मिश्रणांत पेट्रोल कमी पडलें कीं तें सावकाश जळतें, आणि आंत घेण्याची झडप उघडेपर्यंत न विझलेली ज्वाळा उलट मागें फिरते. सबब आवाज कोठून आला हें पाहणें ही परीक्षेची पहिली पायरी.

पुढची पायरी मोठी गमतीची आहे. एंजिनाच्या जड चाकावर सोळा लोहचुंबक बसविलेले असत व त्यांच्यापासून वीज उत्पन्न होई. चालकासमोर एका पेटींत चार कॉइल, दर सिलिंडरास एक, आणि प्रत्येकीवर गुणगुणणारी एक पोलादी पट्टी. पहिली व चौथी पट्टी बोटांनीं दाबून धरली कीं ते दोन सिलिंडर बंद पडत. उरलेले दोन नीट चालले, तर दोष दाबलेल्यांपैकीं एकांत. मग चौथी सोडून बाकीच्या तीन दाबावयाच्या. एकटा चौथा सुरळीत चालला, तर अपराधी पहिला. वैद्यानें नाडी पाहावी तशी ही परीक्षा! नंतर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या जागीं बसवावी. दोष तिच्याबरोबर गेला तर कॉइल बिघडलेली. जागींच राहिला तर प्लग, तार किंवा टायमर तपासावा. टायमरांतील वाट झिजून खडबडीत झाली कीं तिच्यावरचें चाक उड्या मारी आणि गाडी वेगांत असतांनाच ठोके चुकत.

परंतु ठिणगी चुकण्यापेक्षां ती वेळेआधीं पडणें अधिक घातक. हँडल मारण्यापूर्वीं सुकाणूच्या चाकाखालचा डावा दांडा वर करून ठिणगी उशिरां पडेल असें करावें लागे. हें विसरलेल्याच्या हातांत हँडल उलट फिरे व मनगट मोडे. मनगटाजवळील एका विशिष्ट अस्थिभंगास वैद्यकांत आजही 'शोफरचा अस्थिभंग' म्हणतात. म्हणून अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, आणि हँडल डाव्या हातानें खालून वर ओढावें, दाबूं नये, असा जाणत्यांचा कटाक्ष असे. १९१९ पासून या गाडीस विजेचा स्टार्टर मिळूं लागला. तरी पुष्कळ गाड्या पुढेंही हातानेंच सुरू केल्या जात.

डिसेंबर १९२७ मध्यें आलेल्या 'मॉडेल ए' गाडींत चार कॉइलींच्या ऐवजीं एकच कॉइल व ठिणग्या वांटून देणारा डिस्ट्रिब्यूटर आला. पट्ट्या गेल्या आणि बोटांची परीक्षाही गेली. मग लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, एकेका प्लगच्या टोंकापासून एंजिनाच्या लोखंडाला टेकवावा आणि कोणत्या सिलिंडरच्या वेळीं आवाजांत फरक पडत नाहीं तें ऐकावें, एवढाच उपाय घरच्या घरीं करण्यासारखा राहिला.