बलू : जाड, गोलसर मराठी फाँट

गणेशोत्सवाचे किंवा संक्रांतीचे पत्रक दोन भाषांत करायला घेतले की एक गंमत हमखास होते. इंग्रजी मथळ्याला आपण एरियल राउंडेड बोल्ड लावतो आणि तो छान गुबगुबीत दिसतो. तोच फाँट मराठी ओळीला लावला तर अक्षरे मात्र किडकिडीतच राहतात. त्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत, त्यामुळे संगणक गुपचूप मंगल किंवा निर्मला यांसारखा दुसरा फाँट वापरतो. म्हणजे पत्रक मराठी मंडळाचे आणि ठळक दिसते इंग्रजी! आपल्या मुलांची नजरही साहजिकच तिकडेच जाते.

यावर चांगला उपाय म्हणजे 'बलू'. मुंबईच्या एक टाइपने २०१५ च्या सुमारास बनवलेला हा फाँट 'जंगल बुक'मधल्या अस्वलाच्या नावाला शोभेल असाच आहे: भरदार, गोलसर वळणे, मऊ कोपरे. इंग्रजी आणि देवनागरी अक्षरे एकाच जाडीची असल्याने दोन्ही ओळी शेजारी शोभून दिसतात.

इंग्रजी अक्षर जाड करणे त्यामानाने सोपे. देवनागरीत वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, आणि 'ष्ट', 'द्ध'सारखी जोडाक्षरे. सगळीकडे सारखी जाडी दिली तर आतली पांढरी जागा बुजून जाते आणि अक्षराचा नुसता ठिपका होतो. म्हणून गर्दीच्या ठिकाणी रेघा बारीक कराव्या लागतात. एक टाइपचाच 'मोदक' तर याहून लठ्ठ आहे. त्यात आतली जागा जेमतेम केसाएवढी उरते. मोठ्या फलकावर तो झकास दिसतो, बाकी ठिकाणी वाचताना दमछाक होते.

बलूची भावंडेही आहेत: गुजराती भाई, पंजाबी पाजी, बंगाली दा, तमिळ तंबी, तेलुगू तम्मुडू, मल्याळी चेट्टन, उर्दू भाईजान वगैरे. देवनागरीला मात्र नुसते बलू. 'बलू दादा' म्हटले असते तर मला जास्त आवडले असते!

पहिला बलू एकाच जाडीचा होता. नंतरच्या 'बलू २'मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच जाड्या आहेत. गूगल फाँट्सवर तो मोफत मिळतो आणि छापील कामालाही चालतो. मथळे, फलक, नावाच्या चिठ्ठ्या, मराठी शाळेतली अक्षरांची कार्डे यांसाठी तो उत्तम. पानभर मजकुराला मात्र वापरू नये. त्यासाठी एक टाइपचाच 'मुक्ता' बरा. दोन ओळींत अंतर थोडे जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. मथळा लांब दिसावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते खपते, मराठीत शिरोरेषेचे तुकडे होतात.

जुन्या स्मरणिका 'शिवाजी'सारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील, तर नुसता बलू निवडून भागणार नाही. भलतीच इंग्रजी अक्षरे दिसतील. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. आणि तयार पत्रक वर्ड फाइल म्हणून न पाठवता पीडीएफ करून पाठवा, कारण समोरच्याच्या संगणकावर बलू नसेल तर मराठी पुन्हा किडकिडीत होईल.