दरेकसा

दरेकसा : गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील गाव व रेल्वेस्थानक. ते जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगत वसले आहे. नवेगावबांध, इटियाडोह यांसारख्या जलाशयांमुळे गोंदिया तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दरेकसा मात्र डोंगर, गुहा आणि धबधबा यांसाठी प्रसिद्ध आहे. परिसरातील डोंगररांगेला दरेकसा टेकड्या असेच नाव आहे. सालेकसा तालुका पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999 रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला.

टेकड्यांवर साग, बांबू, मोह व तेंदू यांचे जंगल आहे. सखल भागात धानाची शेती होते. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणे हा उन्हाळ्यातील पूरक रोजगार. वस्तीत गोंड समाज मोठा असून गोंडी, मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या भाषा कानी पडतात.

लोहमार्ग : दरेकसा मुंबई–नागपूर–हावडा मार्गावर आहे. नागपूर–छत्तीसगड रेल्वेचा मूळ मार्ग मीटरगेज होता. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. दरेकसा सोडून बोरतलावकडे जाताना गाडी चढणीला लागते आणि डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून छत्तीसगडकडे उतरते. पुढे डोंगरगड हे बमलेश्वरी देवीचे क्षेत्र लागते.

कचारगड : दरेकसा परिसरातील ही नैसर्गिक गुहा गोंडांच्या कोयापुनेम धर्माचे प्रमुख श्रद्धास्थान आहे. परंपरेनुसार कली कंकाली मातेची तेहतीस मुले येथे कोंडली गेली होती. गोंडांना पूज्य असलेल्या जंगो रायताडच्या विनवणीवरून या धर्माचा संस्थापक पारी कुपार लिंगो त्यांच्या सुटकेसाठी निघाला. वादक हिरासुका पाटालीरच्या वाद्याच्या सुरांनी मुलांना बळ आले. त्यांनी गुहेच्या तोंडावरची शिळा ढकलली, पण तिच्याखाली सापडून हिरासुकाचा अंत झाला. पुढे ही मुले लिंगोची शिष्य झाली. मोतीरावण कंगाली यांनी ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ या हिंदी ग्रंथात ही परंपरा मांडली आहे.

माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आदी राज्यांतून भाविक येतात. धनेगाव हा यात्रेचा पायथा. तेथून पिवळे दुपट्टे घेतलेले जथे ‘जय सेवा’ म्हणत जंगलवाटेने गुहेकडे चढतात. गुहेच्या छतातील भगदाडातून उजेड आत उतरतो.

हाजरा फॉल : दरेकसा स्थानकाजवळचा हा धबधबा पावसाळ्यात भरून वाहतो आणि उन्हाळ्यात रोडावतो. जोराच्या पावसात खडक निसरडे होतात व प्रवाह अचानक वाढतो, म्हणून कुंडात उतरणे धोक्याचे असते.

प्रवास : गोंदियाहून आमगाव व सालेकसामार्गे रस्त्याने किंवा रेल्वेने दरेकसा गाठता येते. सर्व जलद गाड्या येथे थांबत नाहीत. मुक्कामाच्या सोयी गोंदिया शहरात अधिक आहेत. धबधब्यासाठी पावसाळा व त्यानंतरचे काही आठवडे, तर गुहेच्या चढणीसाठी हिवाळा सोयीचा.